दार शिकलेल्यांनीच लावलं

व्हॉट्सअॅपवर दर काही महिन्यांनी एक ठरावीक मजकूर फिरत येतो. जगात ज्यू किती, त्यांना नोबेल किती, त्यांच्या घरी मुलांना वाढवतात कसं, आणि शेवटी 'आपण यातून कधी शिकणार?' असा टोला. वैद्यकातली नोबेलं हा त्यातला हुकमी एक्का. ज्यूंची बुद्धीच तशी, त्यांचा ओढाच डॉक्टरकीकडे, आणि अडचणींवर मात करायची जिद्द तर विचारूच नका! मजकूर वाचणारा भारावतो आणि पुढे ढकलतो. अडचणी आणल्या कोणी, एवढं मात्र त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

आपण मनाशी उत्तर ठरवूनच टाकलेलं असतं: धर्मवेडे पाद्री, अडाणी जमाव आणि शेवटी हिटलर. युरोपातल्या ज्यू वैद्यक विद्यार्थ्यांचा इतिहास नीट पाहिला तर हे उत्तर पुरत नाही. ज्यूंना वैद्यकाच्या वर्गाबाहेर ठेवण्याचा रेटा वारंवार विद्यापीठाच्या आतूनच आला. तो प्राध्यापकांनी लावला आणि विद्यार्थ्यांनी तर हिरिरीने लावला. शिक्षणाने माणूस उदार होतो आणि विद्यापीठ हे उदारपणाचं माहेरघर असतं, या आपल्या लाडक्या समजुतीला इतका सणसणीत तडा देणारा दुसरा इतिहास मला ठाऊक नाही.

आधी 'ओढा' म्हणतात त्याबद्दल. जमीन घ्यायची नाही, कारागिरांच्या संघात शिरकाव नाही, सरकारी नोकरी नाही, वकिली नाही. मग उरतं काय? व्यापार, सावकारी आणि वैद्यकी. आजारी पडलेल्या सरदाराला नाडी बघणाऱ्याचा धर्म आठवत नाही, म्हणून ही एक फट उघडी राहिली. तीही सहजासहजी नाही. १५५५ साली पोप चौथा पॉल याने ज्यू वैद्यांनी ख्रिस्ती रुग्णांना हात लावू नये असा हुकूम काढला. तो हुकूम पुढे पुन्हा काढावा लागला, म्हणजे पाळला किती जात होता ते दिसतंच. व्हेनिसमध्ये १५१६ पासून ज्यूंना गेटोत, म्हणजे त्यांच्यासाठी नेमून दिलेल्या वेगळ्या वस्तीत, राहावं लागे आणि रात्री गेटोचे दरवाजे बंद होत, पण वैद्याला रात्री बाहेर पडायची मुभा होती.

या व्हेनिसच्या राज्यातच पादुआ. तिथलं विद्यापीठ १२२२ सालचं. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपभरच्या ज्यू मुलांना वैद्यकाची पदवी खात्रीने मिळेल असं मोठं ठिकाण हेच. पोलंडपासून तुर्की मुलखापर्यंतची मुलं तिथे येत. आता इथली गंमत बघा. १५६४ साली पोप चौथा पायस याने फर्मान काढलं की डॉक्टरेट घेणाऱ्याने कॅथलिक श्रद्धेची शपथ घेतलीच पाहिजे. ज्यूंना ही शपथ घेणं शक्यच नव्हतं, आणि प्रॉटेस्टंटही घेईनात. प्रॉटेस्टंट म्हणजे मुख्यतः जर्मन मुलं, हातात पैसा असलेली. ती गेली तर पादुआच्या खानावळी, घरमालक आणि प्राध्यापक सगळ्यांचेच वांधे. व्हेनिसने वाट शोधली. पवित्र रोमन सम्राटाने नेमलेल्या 'पॅलेटाइन काउंट' या मानकऱ्यांना खासगीत पदवी देण्याचा हक्क असे. त्यांच्या हातून शपथेशिवाय पदव्या मिळू लागल्या. रक्ताभिसरण शोधणाऱ्या विल्यम हार्वेची १६०२ची पदवीही अशाच एका काउंटच्या हातची. पुढे १६१६ साली व्हेनिसने चक्क स्वतःच्या अधिकारात पदवी देणारं वेगळं कॉलेजच काढलं. पोपशी त्यांचं तेव्हा वाकडं होतंच.

ज्यूंवरचं प्रेम यात कुठे दिसत नाही. तिजोरी आणि रोमशी असलेली खुन्नस, एवढंच दिसतं. तरीही ज्यू विद्यार्थ्याच्या हातात पडलेला कागद खरा होता. त्या पदवीपत्रांवर नेहमीच्या 'ख्रिस्ताच्या नावाने' या सुरुवातीऐवजी 'सनातन देवाच्या नावाने' असं लिहिलेलं असे. हाताने रंगवलेलं, सोनेरी वेलबुट्टीचं, विकत घेणाऱ्याच्या ऐपतीनुसार नटवलेलं ते पत्र घेऊन मुलगा आपल्या गावी परतला, की तिथे त्याला वैद्य म्हणून उभं राहता येई.

राज्याने असं दार उघडलं, तर विद्यापीठाने काय केलं? ज्यू विद्यार्थ्याकडून जास्तीची फी घेतली. तो पदवीधर झाला की प्रत्येक देशवार विद्यार्थी मंडळाला त्याने मिठाई वाटायची, असा रिवाज पाडला. हौसेची नव्हे हं, सक्तीची मिठाई. आणि शवविच्छेदनाला प्रेतं कमी पडली की ख्रिस्ती विद्यार्थी गेटोकडे वळत. ज्यूंच्या अंत्ययात्रा अडवून प्रेत पळवण्याचे प्रकार घडले. आपल्या मयतांना हात लागू नये म्हणून ज्यू समाजाला पैसे मोजावे लागले. प्रेतांची ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

पादुआशिवाय दुसरीकडे काय होत होतं, ते तोबियास कोहेनच्या आयुष्यात दिसतं. जन्म १६५२, मेट्झ. ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर, म्हणजे तिथला राज्यकर्ता, फ्रेडरिक विल्यम याने खास परवानगी आणि वर शिष्यवृत्ती देऊन त्याला आणि त्याच्या एका मित्राला फ्रँकफुर्ट आन डेर ओडरच्या विद्यापीठात बसवलं. राज्यकर्त्याचाच हुकूम म्हटल्यावर प्रवेश नाकारणार कोण? पण पदवी देणं विद्यापीठाच्या हातात होतं, ती त्यांनी दिली नाही. तिथले विद्वान या दोघांशी वाद घालायचे आणि सुनवायचे, तुम्हा लोकांत आता शहाणपण उरलंय कुठे! दोघे शेवटी पादुआला गेले, आणि १६८३ साली तोबियास डॉक्टर झाला. पुढे तो तुर्की सुलतानांच्या दरबारी वैद्य होता. १७०७ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या त्याच्या हिब्रू ग्रंथात एक प्रसिद्ध चित्र आहे. डावीकडे उभा माणूस, पोट उघडून आतले अवयव दाखवलेले, आणि शेजारी चार मजली घर. डोळ्यांच्या जागी वरच्या खिडक्या, पोटाच्या जागी चूल पेटलेलं स्वयंपाकघर. आपल्या लोकांना शरीरशास्त्र त्यांच्या भाषेत कळावं आणि त्या ओडरकाठच्या पंडितांनाही उत्तर मिळावं, असा त्याचा दुहेरी हेतू होता.

अठराव्या शतकात दारं हळूहळू किलकिली झाली. ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफने १७८२ साली सहिष्णुतेचं फर्मान काढलं. इंग्लंडमध्ये लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज १८२६ साली धर्माची अट न ठेवताच निघालं, तर ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या धार्मिक अटी काढायला संसदेला १८७१ साली कायदा करावा लागला. त्यानंतर जवळपास अर्ध्या शतकाने, १९१९ साली, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातल्या जेरुशा झिराड लंडनच्या एम.डी. झाल्या आणि पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख. त्यांनाही शिकावं लागलं ते बायकांसाठी निघालेल्या वेगळ्या वैद्यक विद्यालयात, पण ते दार निराळ्या कारणाने बंद होतं.

व्हिएन्नाकडे वळू, कारण तिथे माणसं जास्त शिकलेली होती. १८६७ साली ऑस्ट्रियात ज्यूंना समान नागरिकत्व मिळालं. १८८० च्या दशकात व्हिएन्नाच्या वैद्यक शाखेत जवळपास निम्मे विद्यार्थी ज्यू होते. गॅलिशिया आणि हंगेरीच्या खेड्यांतून आलेली, शिकवण्या घेऊन पोट भरणारी मुलं. थिओडोर बिलरोथ हा तेव्हाचा तिथला जगद्विख्यात सर्जन. पोटाच्या शस्त्रक्रियांना आजही त्याचं नाव आहे, शिवाय संगीतकार ब्राह्म्सचा जिवलग मित्र. १८७६ सालच्या वैद्यकीय शिक्षणावरच्या आपल्या पुस्तकात त्याने पूर्वेकडून आलेल्या या गरीब ज्यू मुलांबद्दल तक्रार केली, आणि वर जर्मन रक्त व ज्यू रक्त यांच्यातल्या दरीची भाषा वापरली. पुस्तक येताच वर्गात गोंधळ झाला, आणि जर्मन राष्ट्रवादी विद्यार्थ्यांनी ज्यूंना बाहेर काढा म्हणून घोषणा दिल्या. बिलरोथ पुढे बदलला, ज्यूद्वेषाविरुद्धच्या संघटनेत सामील झाला. हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. पण त्याने 'शास्त्रीय' म्हणून दिलेलं वाक्य विद्यार्थ्यांच्या तोंडी बसलं ते बसलंच.

त्याच व्हिएन्नात १८८४ साली कार्ल कोलर नावाच्या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो हे दाखवलं. जागेपणी वेदनेशिवाय डोळ्याची शस्त्रक्रिया तेव्हापासून शक्य झाली. पुढच्याच वर्षी, जानेवारीत, इस्पितळात एका रुग्णाच्या बोटावरच्या पट्टीवरून सहकाऱ्याशी त्याची बाचाबाची झाली. सहकाऱ्याने त्याला 'ज्यू डुक्कर' म्हटलं. कोलरने त्याच्या कानाखाली वाजवली. मग तलवारींचं द्वंद्व. कोलर जिंकला आणि त्याची व्हिएन्नातली कारकीर्द संपली. तो आधी हॉलंडला आणि मग कायमचा न्यूयॉर्कला गेला. ही भांडणं द्वंद्वातच मिटवायची हाही एक मान होता. १८९६ साली जर्मन राष्ट्रवादी विद्यार्थी संघटनांनी 'वाइडहोफेन ठराव' करून तोही काढून घेतला: ज्यूला अब्रूच नसते, तेव्हा त्याच्याशी द्वंद्व खेळायचं नाही. ठराव करणारे सगळे विद्यापीठातले.

रशियाची गोष्ट वेगळी, ती मान्य करतो. तिथे दार सरकारने लावलं. १८८७ साली विद्यापीठांत ज्यूंसाठी कमाल टक्केवारी ठरली: त्यांना राहायला नेमून दिलेल्या पश्चिमेकडच्या प्रदेशात १०, बाहेर ५, पीटर्सबर्ग-मॉस्कोत ३. त्या मुलखात विद्यापीठाची पदवी म्हणजे नेमलेल्या प्रदेशाबाहेर राहायचा परवानाही होता, त्यामुळे एका जागेसाठी कुटुंबाचं नशीब पणाला लागे. शेकडो मुलं-मुली झ्युरिक, बर्न, जिनेव्हा, बर्लिन, पॅरिस अशी पांगली. जिनेव्हात शिकलेली लीना स्टर्न १९१८ साली तिथल्या विद्यापीठाची पहिली महिला प्राध्यापक झाली. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेचा वाल्डेमार हाफकिन याच लोंढ्यातला. ओडेसाला प्राणिशास्त्र शिकलेल्या या माणसाला धर्म बदलल्याशिवाय विद्यापीठात पुढे सरकता येईना. तो जिनेव्हामार्गे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेला, तोही आधी ग्रंथालयात काम करायला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस बनवून १० जानेवारी १८९७ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. आणि इथल्या गोऱ्या डॉक्टरांची त्याच्याबद्दलची एक कायमची कुरकुर कोणती? तर हा डॉक्टर नाही!

पहिल्या महायुद्धानंतरचा मध्य युरोप हा या सगळ्याचा कळस. राज्यं फुटली, निर्वासित आले, नोकऱ्या आटल्या. बुडापेस्टच्या वैद्यक शाखेत युद्धापूर्वी जवळपास निम्मे विद्यार्थी ज्यू होते. १९१९ साली शस्त्रधारी विद्यार्थ्यांच्या टोळ्या फाटकावर उभ्या राहून ज्यूंना आत सोडेनात. १९२० साली संसदेने त्या दांडगाईला कायद्याचं रूप दिलं. कायद्यात 'ज्यू' हा शब्द नव्हता. प्रत्येक 'वंशाला' लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, एवढंच. ज्यू लोकसंख्या सहा टक्के, म्हणून सहा टक्के. कसा समतोल, न्याय्य कायदा! मुलं प्राग, व्हिएन्ना, बर्लिन, बोलोन्याला गेली.

१९२२ साली रोमानियातल्या क्लुज इथे वैद्यक विद्यार्थ्यांनी संप केला. मागणी: ज्यू विद्यार्थ्यांनी ज्यू प्रेतंच चिरावीत, नाहीतर चालते व्हावं. पादुआच्या त्या अंत्ययात्रा आठवतात ना? अडीचशे वर्षांनी, सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरणांच्या जमान्यात, तीच मागणी, आता फलक घेऊन. पोलंडच्या विद्यापीठांतही ती झाली. ज्यू धर्मात मृतदेह चिरायला न देण्याची प्रथा आहे हे मागणी करणाऱ्यांना नीट माहीत होतं.

पोलंडमध्ये मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं. तिथे कमाल टक्केवारीचं विधेयक १९२३ साली आलं आणि मंजूर झालं नाही. घटना आड आली, अल्पसंख्याकांबाबतचा आंतरराष्ट्रीय तह आड आला. पण वैद्यक शाखांनी ते आपापल्या अधिकारात राबवलं. १९२१-२२ साली देशातल्या विद्यार्थ्यांत ज्यू चौथा हिस्सा होते, १९३८-३९ पर्यंत ते आठ टक्क्यांच्या आसपास आले. विद्यापीठं स्वायत्त होती. रेक्टरच्या, म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूच्या, परवानगीशिवाय पोलिसांना आवारात पाय ठेवता येत नसे. जुलमी सरकारपासून ज्ञानाचं रक्षण व्हावं म्हणून ठेवलेली ही सोय. तिच्या आडोशाने काठ्या, साखळ्या आणि ब्लेड बांधलेल्या छड्या घेऊन राष्ट्रवादी विद्यार्थी ज्यूंना बदडत, आणि पोलीस फाटकाबाहेर उभे. त्यांची पुढची मागणी होती वर्गात वेगळ्या बाकांची. १९३७ साली मंत्र्याने हा निर्णय रेक्टरांवर सोपवला, आणि बहुतेकांनी बाक वेगळे केले. परीक्षेच्या पुस्तिकेवर शिक्का मारून जागा नेमून दिली. ज्यू विद्यार्थी त्या बाकांवर बसले नाहीत. तास संपेपर्यंत भिंतीशी उभे राहून टिपणं काढत. त्यांच्याबरोबर उभे राहणारे काही पोलिश विद्यार्थी आणि उभ्यानेच शिकवणारे काही प्राध्यापकही होते. ल्वूव विद्यापीठाचे रेक्टर स्तानिस्वाव कुलचिन्स्की यांनी आदेशावर सही करण्यापेक्षा जानेवारी १९३८ मध्ये राजीनामा दिला. बाक मात्र वेगळे झालेच, त्यांच्या मागून आलेल्याच्या सहीने.

इथे एक आक्षेप ऐकू येतोच, म्हणून थोडं आडवळण. 'बघा, टक्केवारी म्हणजे अन्याय, मग आपल्याकडचं आरक्षण वेगळं काय?' बुडापेस्टच्या सहा टक्क्यांनी आत असलेल्यांना बाहेर काढलं. ते छत होतं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या आत येऊच दिलं नाही त्यांच्यासाठी राखलेली जागा ही जमीन आहे, तिच्यावर उभं राहून वर कितीही जाता येतं. दोन्हीकडे टक्क्याचं चिन्ह आहे एवढ्यावरून दोन्ही एकच म्हणणारा माणूस गणितात कच्चा नसतो, इतिहासात सोयीपुरता कच्चा असतो.

जर्मनीत तरी हिटलरमुळे झालं, असं म्हणून सुटता येईल का? त्याच्या पक्षाच्या विद्यार्थी संघटनेने देशव्यापी विद्यार्थी महासंघाचं नेतृत्व जिंकलं ते १९३१ साली, तो चॅन्सलर होण्याच्या दीड वर्ष आधी, तेही निवडणुका जिंकत. पुढे डॉक्टरांपैकी सुमारे ४५ टक्के पक्षाचे सभासद झाले. शिकलेल्या व्यवसायांत हे प्रमाण फारच मोठं. एप्रिल १९३३च्या कायद्याचं नाव होतं विद्यापीठांतली 'गर्दी' कमी करण्याचा कायदा. नव्या प्रवेशांत ज्यू दीड टक्क्यावर आले. ३० सप्टेंबर १९३८ला ज्यू डॉक्टरांचे परवाने रद्द झाले. प्रत्येक ज्यू डॉक्टर गेला की त्याचा दवाखाना, रुग्ण, इस्पितळातली जागा कोणाला तरी मिळे, आणि तो कोणीतरी त्याच वर्गातून शिकून आलेला असे. द्वेषाला विचारसरणी पुरवणारे बरेच असतात, पण त्याचा हिशेब असा ठेवावा लागतो. याच शरदात इटलीतही वंशकायदे आले आणि ज्या पादुआने तीनशे वर्षं आसरा दिला तिथूनही ज्यू प्राध्यापकांना घालवलं.

त्या वर्षी हॅम्बुर्गमध्ये इंगेबोर्ग सिल्म या तरुणीने घटसर्पावर प्रबंध लिहिला होता. आई ज्यू कुळातली, म्हणून तोंडी परीक्षेला बसू दिलं नाही. तिचे मार्गदर्शक रुडोल्फ डेगक्विट्झ यांनी लिहून दिलं की कायदा आड आला नसता तर हा प्रबंध मी स्वीकारला असता. चांगला माणूस, १९४४ साली राजवटीविरुद्ध बोलला म्हणून तुरुंगातही गेला. ती अमेरिकेत पुन्हा शिकली, पुढे पूर्व बर्लिनच्या शारिटे इस्पितळात नवजात अर्भकांच्या विभागाची प्राध्यापक झाली. मे २०१५ मध्ये हॅम्बुर्गचे तीन प्राध्यापक तिच्या बर्लिनच्या घरी गेले आणि तिची तोंडी परीक्षा घेतली. वय १०२. दिसत नव्हतं, म्हणून घटसर्पावरचं नवं संशोधन मित्रांकडून समजून घेतलं होतं. पास झाली.

या सगळ्यात विद्यापीठ म्हणून मला खरं वाटतं ते १९४१चं वॉर्साच्या गेटोतलं. उपासमार आणि टायफसच्या साथीत युलियुश त्स्वायबाउम यांनी साथरोग निवारणाचा वर्ग म्हणून जर्मनांची परवानगी काढली आणि त्या नावाखाली चक्क वैद्यकाचा अभ्यासक्रम चालवला. रक्तगट आनुवंशिक असतात हे दाखवणारे लुडविक हिर्शफेल्ड तिथे शिकवत. विद्यार्थी काही शे. त्याच गेटोतल्या डॉक्टरांनी १९४२ मध्ये, स्वतः उपाशी असताना, उपासमारीने शरीराचं काय होतं याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. कागद बाहेर पोचवले. ते १९४६ साली छापून आले, तोवर लिहिणारे बहुतेक मारले गेले होते.

आता मुद्द्याचं. प्रवेश कोणाला द्यायचा, बाकावर कोणी कुठे बसायचं, पदवी कोणाची रोखायची, हे ज्ञानी लोकांच्या सद्‌बुद्धीवर सोडावं, असं आजही मोठ्या प्रतिष्ठेने मांडलं जातं. स्वायत्तता हा त्यासाठीचा आवडता शब्द. काय शिकवावं, काय संशोधन करावं, यात सरकारने नाक खुपसू नये हे मलाही शंभर टक्के मान्य आहे. पण दाराची किल्ली ही निराळी गोष्ट. त्याच जागांसाठी आणि पुढे त्याच रुग्णांसाठी स्पर्धा करणाऱ्यांच्या एकट्यांच्या हातात ती देऊ नये. नियम छापील आणि सगळ्यांना दिसणारा हवा, नाकारल्याचं कारण लेखी मिळालं पाहिजे आणि दाद मागायची जागा फाटकाबाहेर हवी. कोणी म्हणेल, सरकारच बिघडलं तर? रशियात बिघडलं होतं, जर्मनीत तर पुरतं. म्हणूनच ती जागा मंत्रालयातही नको, न्यायालयात हवी, आणि त्यामागे घटनेतला हक्क हवा. पोलंडचं १९२३चं विधेयक असल्याच एका घटनेला अडकून पडलं होतं. पण आतल्या आत वैद्यक शाखांनी जे चालवलं, त्याविरुद्ध ती घटना दाखवायला त्या भिंतीशी उभ्या मुलांना कोणती खिडकी होती?